नीट धर, भो

प्रल्हादनाना नारखेडे नव्या माणसाला नमस्कार करत नाहीत, मनगट देतात. उजवा हात पुढे, तळवा उघडा, बोटं मोकळी आणि चेहऱ्यावर पेढ्यांचा बॉक्स पुढे केल्यासारखा आनंद. ‘‘धर,’’ म्हणतात. समोरचा बावचळतो. हातात हात द्यायचा की नाडी बघायची, हे त्याला कळत नाही. मग नाना समजावतात, ‘‘मनगट धर. घट्ट धर. लाजू नको भो.’’ गॅस सिलिंडरवाल्यानं ते धरलंय, पोस्टमननं धरलंय, मतदार यादी तपासायला आलेल्या बाईंनीही धरलंय. बाईंना मात्र नाना ‘‘तुमची इच्छा असली तं’’ असं आधी म्हणाले होते.

मी पहिल्यांदा धरलं ते रागात. धुळ्याहून जळगावला बदली झाली होती. धुळ्याचा माणूस जळगावला येताना मुळातच थोडा चिडलेला असतो. ऊन दोन्हीकडे सारखंच, पण जळगावकर आपल्या उन्हाबद्दल घरच्या हुशार मुलाबद्दल बोलावं तसं बोलतात. त्यात त्या दिवशी आमचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं. दोन हमाल आणि मी खालून ढकलत होतो. वरच्या पायरीवरून माझी बायको सुनंदा आम्हा तिघांचा उद्धार करत होती. ती शिरपूरची, चिडली की थेट अहिराणीत उतरते. ‘‘हाई काय शे? भित फोडतस का कपाट चढावतस?’’

तेवढ्यात समोरच्या घरातून एक साठी ओलांडलेले, किडकिडीत, पांढऱ्या बनियनमधले गृहस्थ आले. मला वाटलं, हात लावायला आले. त्यांनी हात लावला नाही, पुढे केला. ‘‘धर,’’ म्हणाले.

मी धरलं. सगळ्या कपाटाचा राग त्या मनगटावर काढला. पुढच्या क्षणी मी स्वतःच्या फाटकाकडे तोंड करून उभा होतो आणि ते गृहस्थ माझ्या शेजारी उभे राहून त्याच फाटकाकडे बघत होते. कुठे दुखलं नाही, कुणी ओढलं नाही. मी म्हटलं, ‘‘काय झालं?’’

‘‘काहीच नाही झालं. हेच तं शिकायचं असते,’’ नाना म्हणाले. मग कपाटाकडे वळले. ‘‘याले ढकलू नका. दोन पायऱ्या खाली घ्या, याचं तोंड फिरवा आन् मंग पाहा, ते सोताहून जाईन.’’ कपाट दोन पायऱ्या खाली आलं, फिरलं आणि गपचूप वर गेलं. सुनंदा त्या दिवसापासून नानांची भक्त झाली. मला भक्त व्हायला पुढे आठवडा लागला.

नाना जी विद्या शिकवतात तिचं नाव आयकिडो. मूळ जपानची. समोरचा जोर लावत असेल तर त्याच्याशी जोर लावायचा नाही, त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्यायचं आणि आपण त्याच्याबरोबर वळायचं, एवढं तिचं सार. ऐकायला अगदी सोपं. करायला घेतलं की कळतं, आपण जन्मभर फक्त दोनच गोष्टी शिकलो आहोत, ढकलणं आणि ओढणं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला हे कळलं आणि फार वाईट वाटलं.

आमचा वर्ग भरतो कांतीशेठच्या मंगल कार्यालयात, सकाळी सहा ते सात. कांतीशेठ धान्याचे व्यापारी. आजोबा राजस्थानातून आले, नातवानं जळगावात तीन दुकानं आणि एक मंगल कार्यालय उभं केलं. जागा ते फुकट देतात, पण अट एक: सातच्या ठोक्याला हॉल रिकामा. सात वाजता माणूस लग्नाच्या खुर्च्या लावायला येतो. सातला पाच कमी असले की कांतीशेठ स्वतःच घड्याळ बघत आम्हाला हाकलतात, आणि हाकलल्या जाणाऱ्यांत ते स्वतःही असतात, कारण ते आमचे सहाध्यायी आहेत.

पडायला शिकणं हा या विद्येचा श्रीगणेशा. त्यासाठी नानांनी धरणगावच्या एका गादीवाल्याकडून आठ जाड गाद्या भरून आणल्या आणि वर निळी ताडपत्री शिवून घेतली. धरणगाव कापसाचं गाव, त्यानं हात सैल सोडून कापूस भरला. त्या गादीवर उभं राहिलं की पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि पडलं की उठावंसं वाटत नाही. दोन वर्षांत त्या गादीवर कांतीशेठ सोडून सगळे पडले. ‘‘गिरना अपने को जमता नहीं,’’ ते शांतपणे सांगतात. ‘‘आमच्या घराण्यात कोणी पडलं नाही. तुम्ही पडा, मी बघतो.’’ नाना त्यांच्यावर कधी रागावत नाहीत. ‘‘पडतीन,’’ म्हणतात. ‘‘पिकल्यावर पडतीन.’’

नानांचा वेश म्हणजे पांढरा जाड सदरा आणि खाली काळी, घोळदार, चुण्यांची विजार. काकू, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, तिला ‘‘तो परकर’’ म्हणतात. सात चुण्या असतात आणि नाना रोज स्वतः त्यांना इस्त्री करतात. काकूंनी एकदा दोरीवर वाळत टाकताना तो शेजारणीच्या परकरांमध्ये टाकला आणि शेजारीण घेऊन गेली. नाना तिच्या दारात गेले, तिलाही आधी मनगट दिलं आणि मगच विषय काढला.

त्यांचा सगळा उपदेश दोन वाक्यांत मावतो. पहिलं, ‘‘नीट धर, भो.’’ आपण त्यांचं मनगट भीड म्हणून हलकंच धरलं की ते थांबतात. ‘‘असं धरल्यावर मी कायच्यातून सुटू? खोटं धरलं तं सुटणंही खोटं.’’ दुसरं वाक्य एका शब्दाचं आहे. ‘‘परत.’’ जमलं तरी परत, चुकलं तरी परत. शाबासकी नाही, बोलणी नाहीत. माझ्या आयुष्यात इतक्या वेळा चुकून एकही टोमणा न मिळाल्याचा अनुभव दुसरीकडे कुठे आला नाही. घरी तर नाहीच.

नाना मूळचे रावेरचे. पंचवीस वर्षं केळीच्या बागा केल्या. समोरच्याला खाली कसं न्यायचं हे ते केळीवरूनच शिकवतात. एकदा आम्हा सगळ्यांना कापणी बघायला भाच्याच्या बागेत घेऊन गेले. तिथे एक गडी घड कापतो आणि दुसरा खांद्यावर गोधडीची घडी टाकून खाली उभा असतो. घड सुटला की तो खांदा देतो, गुडघ्यातून थोडा बसतो आणि घडाच्याच गतीनं वळून चालू लागतो. धप्प म्हणून आवाज नाही. नाना डोळे बारीक करून म्हणाले, ‘‘पाह्यलं? घड पडत नाही, उतरते. माणूस असाच खाली ठेवा लागते. केयीले डाग पडला तं व्यापारी घेत नाही.’’ मग प्रत्येकाला एकेक घड खांद्यावर घ्यायला लावला. माझ्या सदऱ्याला केळीचा चीक लागला आणि तो डाग जन्मात जायचा नाही. सुनंदानं त्याबद्दल मला जे ऐकवलं, ते मी वळून, सोबत चालून, तिच्या वाटेनं जाऊ दिलं. विद्या कामाला येते ती अशी.

पण प्रत्येक ठिकाणी येतेच असं नाही. मी आणि नाना एकदा धुळ्याला निघालो होतो, माझ्या आईला भेटायला. जळगावच्या स्टँडवर बस लागली आणि माणसं दारावर तुटून पडली. मी कोपर काढलं. नानांनी मला मागे खेचलं नाही, नुसती मान हलवली. ‘‘जोर नको. पाह्य.’’ आणि ते गर्दीत शिरले. एकानं धक्का दिला की वळायचे, त्याला जागा द्यायचे. दुसऱ्यानं दिला की पुन्हा वळायचे. मोठं देखणं दृश्य होतं. पिशव्या, पोरं, म्हाताऱ्या, एक कोंबडी, सगळं त्यांच्या अंगावरून पाण्यासारखं वाहून गेलं. शेवटी दारापुढे कोणीच उरलं नाही. नाना प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, ‘‘गेली ना गर्दी?’’

मी म्हटलं, ‘‘नाना, बसही गेली.’’

‘‘दुसरी येईन,’’ ते म्हणाले आणि बाकावर बसून पिशवीतला शेव-मुरमुरा काढला. दुसरी बस सव्वा तासानं आली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि नानांच्या समोरच मला म्हणाली, ‘‘यासना संगे फिरू नको, बठ्ठा लोक हासतीन तुले.’’ नानांनी हसून तिलाही मनगट दिलं. आईनं त्यावर दशमीची पुरचुंडी ठेवली.

लग्नसराईत एकदा खरा प्रसंग ओढवला. आमचा वर्ग संपत आला होता. आदल्या रात्रीच्या वरातीतल्या एका धिप्पाड पाहुण्याची अजून उतरली नव्हती. तो आत आला आणि माझी गाडी कुणी हलवली म्हणत त्यानं नानांची कॉलरच धरली. आम्ही सगळे पुढे सरसावलो. कांतीशेठ मागे सरसावले. नाना मात्र त्या माणसाच्या जवळ गेले, अगदी खांद्याला खांदा लागेपर्यंत. ‘‘कोणती गाडी होती? लाल का? चाल, पाहू,’’ असं म्हणत वळले. तो पण वळला. दोघं मित्रासारखे चालत स्टेजवर गेले आणि नानांनी त्याला नवरदेवाच्या खुर्चीत अलगद बसवलं. ‘‘बस भो, दमला असशीन.’’ त्यानं कॉलर सोडली, नानांच्या गालाला हात लावला आणि झोपला. पुढे नवरदेवाला खुर्ची मिळायला बराच उशीर झाला, ही गोष्ट वेगळी.

मी वीज कंपनीच्या ऑफिसात बिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर बसतो. ज्यांना ती खिडकी माहीत आहे त्यांना अधिक सांगायला नको. पूर्वी मी काचेच्या आतून ओरडायचो, ग्राहक बाहेरून ओरडायचा, आणि मीटर तिकडे घरी शांतपणे फिरत राहायचं. नानांकडे सहा महिने काढल्यावर एकदा एक आजोबा बिल काचेवर आपटत होते तेव्हा मी उठलो, बाहेर गेलो आणि त्यांच्या शेजारी उभा राहून ते बिल त्यांच्यासोबत वाचू लागलो. दोघं एकाच कागदाकडे बघायला लागल्यावर भांडायला समोर कोणी उरतच नाही. आजोबांनी जाताना मला खिशातली लवंग दिली. हे नानांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. ‘‘हेच! वळलं का दोघं जन एकाच दिशेले पाहतेत. मंग भांडण कोनाशी करान?’’

या सगळ्यात एक गोष्ट मात्र विचित्र होती. ती माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. आमच्या सरावात जोडीदार आलटून पालटून असतात. एकदा मी धरायचं, तुम्ही सुटायचं. मग तुम्ही धरायचं, मी सुटायचं. सगळे असं करतात. नाना करत नाहीत. ते नेहमी मनगट देतात, घेत कधीच नाहीत. मी एकदा म्हटलं, ‘‘नाना, आज तुम्ही धरा. मला बघू द्या सुटता येतं का.’’ ते ऐकलं नाही असं दाखवून म्हणाले, ‘‘कांतीशेठ, याले धरा जरा.’’ कांतीशेठ पडत नसले तरी धरतात मात्र पक्कं.

मग मी पाळतच ठेवली. भाजीवाल्याला पैसे देताना नाना नाणी त्याच्या तळहातावर ठेवतात, बोटाला बोट लागू देत नाहीत. रस्ता ओलांडताना काकूंचा हात धरत नाहीत. आपलं मनगट पुढे करतात आणि काकू ते धरतात. कांतीशेठ म्हणायचे, नानांना काहीतरी व्रत असणार. माझा अंदाज होता, कुणा ज्योतिषानं सांगितलं असेल. आम्ही यावर बरीच टिंगल केली. आज त्याचं वाईट वाटतं.

ते मला काकूंनी सांगितलं. एप्रिलचे दिवस होते. काकू गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालत होत्या आणि सुनंदानं मला त्यांच्या मदतीला पाठवलं होतं, म्हणजे कावळे हाकायला. मी सहज म्हटलं, ‘‘काकू, नाना कुणाचं मनगट का धरत नाहीत?’’

काकूंचा हात बिबड्यावर फिरता फिरता थांबला. मग पुन्हा फिरू लागला, आणि त्या खाली बघूनच बोलल्या.

त्यांना एक मुलगी आहे, पुण्याला असते, एवढंच मला ठाऊक होतं. तिचं नाव वैशाली. बारा वर्षांपूर्वी तिला पुण्यात नोकरी लागली होती, आणि नानांनी इकडे तिचं लग्न ठरवून टाकलं होतं. ‘‘तवाचे नाना तुम्ही पाह्यले नाही,’’ काकू म्हणाल्या. ‘‘गावात कोनी आवाज चढवत नव्हतं यायच्यापुढे.’’ वैशाली न सांगता पिशवी घेऊन रावेरच्या स्टँडवर गेली. नाना मागोमाग पोहोचले. ती बसच्या पायरीवर चढत होती. त्यांनी तिचं डावं मनगट धरलं आणि खाली ओढलं. ती वरच्या दांड्याला धरून होती. हाड मोडल्याचा आवाज कंडक्टरनंसुद्धा ऐकला.

‘‘दुसऱ्या दिवशी पोरगी पलस्तर घालून पुण्याले गेली. यायनी अडवलं नाही.’’

तेव्हापासून ती घरी आलेली नाही. आईला फोन करते. नानांनी उचलला तर ‘‘आईला द्या’’ म्हणते. नाना देतात. गावातल्या नजरा नकोत म्हणून दोघं जळगावात आली. इथल्या एका कॉलेजात मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर होतं, त्याच्या पाटीवर मनगट सोडवून घेणाऱ्या मुलीचं चित्र होतं. नाना ते चित्र बघून आत गेले. पुण्याहून आलेल्या आयकिडोच्या शिक्षकाला त्यांनी विचारलं, ‘‘माह्यासारख्यानं धरलं, तं पोरीले हात न दुखवता सुटता येते का?’’ तो चेहऱ्यानं साधा पोरसवदा माणूस, म्हणाला, धरून बघा. नानांनी धरलं. तो न ओढता, न झटकता सुटला, आणि नानांच्या शेजारी उभा राहिला.

‘‘त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मंग सात वर्सं दर महिन्याले पुण्याले जायचे, शिकाले. पोरगी त्याच गावात. मी म्हनायची, जा ना तिच्या घरी, दारात तरी उभे ऱ्हा. तं म्हनायचे, अजून नीट येत नाही मले.’’

मी कावळे हाकायचं विसरलो. चार बिबडे गेले.

‘‘आता ती येऊ ऱ्हायली,’’ काकू म्हणाल्या. ‘‘हपिसाच्या कामानं, दोन दिवस. हॉटेलात उतरनार हाये. घरी येते का, मी विचारलं. तिनं हो नाही म्हनलं आन् नाही पन नाही म्हनलं.’’

तो सगळा आठवडा नानांनी आमच्याकडून एकच प्रकार करून घेतला. मनगट धरलं की सुटायचं. दुसरं काही नाही. परत. परत. परत. तिसऱ्या दिवशी कांतीशेठ कुरकुरले, ‘‘नाना, सिलेबस पुढे न्या ना.’’ नानांनी त्यांच्यापुढेही मनगट केलं. चुण्यांची इस्त्री इतकी कडक होती की चालताना विजारीचा आवाज येत होता. मी एकटाच सगळं जाणून होतो आणि कुणाला सांगता येत नव्हतं. मला राग येत होता, तो नानांचा की त्या बारा वर्षांचा, ते मात्र धड कळत नव्हतं. मनगट धरताना मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होतो.

रविवारी साडेसहाला कार्यालयाच्या दारात काकू उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे एक तिशीतली बाई, साधा निळा कुर्ता, खांद्याला ऑफिसची बॅग. चपला काढताना ती वाकली आणि मला तिच्या डाव्या मनगटावरचं थोडं वर आलेलं हाड दिसलं. घड्याळ तिनं उजव्या हातात घातलं होतं.

नाना गादीवर उभे होते. बारा वर्षांनी मुलगी समोर आली आणि त्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. उजवा हात आपोआप पुढे आला, तळवा उघडा, बोटं मोकळी.

‘‘धर,’’ नाना म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

वैशाली गादीवर आली. तिचे पाय कापसात घोट्यापर्यंत गेले, क्षणभर तोल गेला, सावरला. तिनं त्या हाताकडे बघितलं, पण तो धरला नाही. आपला डावा हात पुढे केला.

‘‘तुम्ही धरा.’’

हॉलमध्ये आम्ही सात जण होतो. नानांचा हात थोडा वर आला आणि खाली गेला. मग ते माझ्याकडे वळले. ‘‘तू धर तिले.’’

दोन वर्षांत मी नानांचं कधी मोडलं नव्हतं. ‘‘नाही नाना,’’ मी म्हटलं. ‘‘तिनं तुम्हाला सांगितलंय.’’

नानांनी धरलं. दोन बोटांनी, केळीच्या कोवळ्या पानाला धरावं तसं.

‘‘नीट धरा, नाना,’’ वैशाली म्हणाली. ‘‘आई सांगते, तुम्ही सगळ्यांना हेच सांगता. असं धरल्यावर मी सुटू कशातून?’’

त्यांनी पाची बोटं आवळली. तिचं ते हाड त्यांच्या तळव्याखाली आलं असणार, कारण नानांचे डोळे एकदम मिटले. पण त्यांनी धरून ठेवलं.

‘‘आता काय करू?’’

‘‘ओढू नको,’’ नाना म्हणाले.

‘‘तेव्हा मी ओढला ना हात, म्हणूनच मोडला...’’

‘‘नाही,’’ नाना म्हणाले. डोळे उघडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘‘तू नव्हता ओढला. मी ओढला.’’

काकूंनी पदर तोंडाला लावला. वैशालीनं हात तसाच त्यांच्या मुठीत राहू दिला. मग हळूच म्हणाली, ‘‘शिकवा.’’

आणि नानांनी शिकवलं. त्यांच्याच हातातून सुटायचं कसं, ते मुलीला एकेक पाऊल सांगून शिकवलं. ‘‘बोटं मोकयी ठेव. मनगटाचा इचार सोडून दे. माह्यापासून लांब नको जाऊ, जवळ ये. अजून ये. खांद्याशी खांदा लागू दे. आता मागचा पाय घे आन् फिर.’’

ती फिरली. तिचा अंदाज चुकला, पाऊल कापसात रुतलं, तरी फिरली. आता दोघं शेजारी शेजारी उभी होती, तोंडं एकाच बाजूला, स्टेजवरच्या नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्यांकडे. नानांची बोटं उघडली होती. तिचा हात त्यांच्या तळव्यावर नुसता टेकलेला होता. ती केव्हाच सुटली होती, पण तिनं तो उचलला नाही.

‘‘जमलं?’’ तिनं विचारलं.

नानांनी होकाराची मान हलवली. शाबासकी द्यायची त्यांना सवयच नाही.

‘‘परत.’’

‘‘हो,’’ वैशाली म्हणाली. ‘‘परत धरा.’’

माझ्या शेजारी धप्प असा आवाज झाला. बघतो तर कांतीशेठ. उभ्या उभ्या डोळे पुसताना मागची गादीची कड त्यांना दिसली नव्हती. ते घराण्यातले पहिले पडले होते आणि उठायचं नाव घेत नव्हते. तसेच पडल्या पडल्या बापलेकीकडे बघत होते.

सात वाजले. खुर्च्या लावणारा माणूस दारात आला. दोन वर्षांत आम्हाला एक मिनिट जास्त न देणाऱ्या कांतीशेठनी गादीवरूनच हात वर केला.

‘‘थांब बाबा,’’ ते म्हणाले. ‘‘लग्नाला अजून वेळ आहे.’’